पसंतीक्रमाची यादी आणि तिचा तोल

सीईटीचा निकाल एकदा लागला की गुण बदलत नाहीत, आणि त्यानंतर अभियांत्रिकीच्या प्रवेशात विद्यार्थ्याच्या हाती जे उरते ते म्हणजे ऑप्शन फॉर्म. राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजेच सर्वतोमुखी झालेला सीईटी सेल, दरवर्षी केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया राबवतो. तिलाच विद्यार्थी आणि पालक कॅप राऊंड म्हणतात. या प्रक्रियेत प्रत्येक महाविद्यालयातील प्रत्येक शाखेला एक स्वतंत्र सांकेतांक असतो आणि विद्यार्थ्याने हे सांकेतांक आपल्या आवडीच्या क्रमाने लिहून द्यायचे असतात. 300 पर्यंत पर्याय भरण्याची मुभा असूनही खानापूर तालुक्यातील अनेक घरांत हे काम शेवटच्या दिवशी, नेट कॅफेच्या खुर्चीवर बसून, शेजाऱ्याच्या मुलाची यादी समोर ठेवून उरकले जाते, ही या विषयातील सर्वांत काळजीची बाब आहे.

याच तालुक्यातील विट्याच्या विद्यार्थ्याला एवढी लांब यादी करण्याचा प्रश्न पूर्वी पडत नसे. 1947 मध्ये सांगलीत सुरू झालेले आणि पुढे वालचंद हिराचंद यांच्या नावाने ओळखले जाऊ लागलेले अभियांत्रिकी महाविद्यालय, 1960 मध्ये कराडला निघालेले शासकीय महाविद्यालय, आणि फार तर पुण्याचे सीओईपी किंवा मुंबईचे व्हीजेटीआय, एवढ्यावर यादी संपत असे. सांगली जिल्ह्याचेच वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना 1983 मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि चित्र पालटले. त्याच वर्षी साखराळ्याचे राजारामबापू इन्स्टिट्यूट आणि कोल्हापूरचे केआयटी उभे राहिले. पुढे आष्ट्यापासून थेट विट्यापर्यंत महाविद्यालये निघाली. निवड वाढली, आणि त्याबरोबर निवड चुकण्याच्या वाटाही वाढल्या.

यादी समतोल असावी, हा सल्ला सर्वत्र दिला जातो. मात्र तो ज्या देशांतून आला तेथील पद्धत वेगळी आहे. अमेरिकेत विद्यार्थी प्रत्येक महाविद्यालयाकडे स्वतंत्र अर्ज करतो, बहुतेक ठिकाणी वेगळे शुल्क भरतो, आणि प्रत्येक महाविद्यालय आपल्यापुरता निर्णय घेते. म्हणून तेथे काही अवघड, काही आवाक्यातील आणि काही खात्रीची नावे मोजून घ्यावी लागतात. महाराष्ट्रात अर्ज एक, गुणवत्ता क्रमांक एक आणि निर्णय करणारी यंत्रणाही एकच आहे. संगणक गुणवत्ता यादीतील विद्यार्थी क्रमाने घेतो, प्रत्येकाचा ऑप्शन फॉर्म वरून खाली वाचतो आणि त्या विद्यार्थ्याला लागू असलेल्या जागांपैकी जी पहिली जागा शिल्लक आढळेल ती त्याला देतो. याचा अर्थ असा की पहिल्या क्रमांकावर वालचंदची संगणक शाखा लिहिली आणि ती मिळाली नाही, तरी दुसऱ्या किंवा दहाव्या पर्यायावरील हक्काला काडीचाही धक्का लागत नाही. अवघड नाव वर लिहिल्याने काही गमावत नाही. गमावते ते सोपे नाव भीतीपोटी वर लिहिल्याने.

ही भीती 2025-26 च्या प्रवेशापासून अधिक महाग झाली आहे, कारण त्या वर्षी फेऱ्यांची संख्या चार झाली आणि जागा आपोआप निश्चित होण्याचा, म्हणजे ऑटो फ्रीजचा नियम विस्तारला. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी एखादा मिळाला, किंवा तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी एखादा मिळाला, तर तो स्वीकारावाच लागतो आणि तो विद्यार्थी पुढील कॅप फेऱ्यांतून बाहेर पडतो. त्याखालचा पर्याय मिळाल्यास मात्र जागा हाती ठेवून बेटरमेंट घेता येते, म्हणजे अधिक पसंतीच्या जागेसाठी पुढच्या फेरीत उतरता येते. समजा, विट्यातील एका विद्यार्थिनीला यंत्र अभियांत्रिकीत जायचे आहे आणि कराडच्या शासकीय महाविद्यालयाची तिला मनापासून ओढ आहे. पण गेल्या वर्षीच्या कटऑफवरून घरच्यांनी धास्ती घेतली आणि हमखास मिळेल असे खाजगी महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर टाकायला लावले. पहिल्याच फेरीत ते मिळाले की तिचा प्रवेश तेथेच बांधला गेला. दुसऱ्या फेरीत वरचे विद्यार्थी आयआयटी, एनआयटी किंवा पुण्याकडे सरकल्यामुळे कराडची जागा तिच्या क्रमांकापर्यंत खाली आली, तरी ती जागा आता तिची होऊ शकत नाही. म्हणून पहिल्या सहा ओळींत खात्रीपेक्षा इच्छेला मान द्यावा आणि जेथे जाण्याची तयारी नाही असे एकही नाव तेथे लिहू नये, असेच या नियमाचे वाचन करावे लागते. प्रत्येक फेरीआधी ऑप्शन फॉर्म नव्याने भरता येत असल्याने मिळालेल्या अनुभवावरून क्रम सुधारण्यास वाव राहतो. नियम दरवर्षी बदलू शकतात, त्यामुळे त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचणे आवश्यकच आहे.

कटऑफ वाचण्यातही मोठी गफलत होते. पर्सेंटाइल म्हणजे गुणांची टक्केवारी नव्हे. 92 पर्सेंटाइलचा अर्थ परीक्षा दिलेल्यांपैकी 92 टक्के विद्यार्थ्यांचे गुण त्या विद्यार्थ्याइतके किंवा त्याहून कमी आहेत, इतकाच होतो. परीक्षार्थींची संख्या वाढली की त्याच पर्सेंटाइलला वरच्या विद्यार्थ्यांची गर्दी वाढते, पण जागा मात्र त्या प्रमाणात वाढतीलच असे नाही. त्यामुळे पर्सेंटाइलशी पर्सेंटाइल ताडण्याऐवजी आपला गुणवत्ता क्रमांक मागील दोन-तीन वर्षांत त्या शाखेला प्रवेश मिळालेल्या शेवटच्या क्रमांकाशी, आणि तोही आपल्या प्रवर्गाच्या रकान्यातील क्रमांकाशी, ताडणे योग्य ठरते. या आकड्यांचा उपयोग यादी कोठे संपवावी हे ठरवण्यासाठी आहे. ती कोठून सुरू करावी, हे सांगण्याचा अधिकार कटऑफला देऊ नये.

शुल्काचा विचार करणाऱ्या कुटुंबांसाठी एक बारीक गोष्ट सांगण्यासारखी आहे. वार्षिक उत्पन्न 8 लाख रुपयांच्या आत असलेल्या कुटुंबांतील विद्यार्थ्यांसाठी शिक्षण शुल्क माफी योजना, म्हणजे टीएफडब्ल्यूएस, आहे आणि तिच्या जागा मंजूर क्षमतेव्यतिरिक्त 5 टक्के असतात. परंतु या जागेचा सांकेतांक वेगळा असतो आणि तो वेगळा लिहिल्याशिवाय पात्र विद्यार्थ्याचाही विचार होत नाही. ज्याला दोन्ही चालतील त्याने एकाच शाखेचा माफीचा सांकेतांक साध्या सांकेतांकाच्या वर लिहावा. जुलै 2024 च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गातील, याच उत्पन्नमर्यादेतील मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत दिली आहे, मात्र ती केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्यांनाच मिळते. कॅपच्या फेऱ्यांत हात रिकामा राहून व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेण्याची वेळ आली, तर ही सवलत हातची जाते. यादीच्या तळाशी विटा, बुधगाव, आष्टा येथील, एसटीच्या पासावर घरून ये-जा करता येईल अशी दोन-चार नावे असण्याचे महत्त्व येथे कळते. त्या नावांत कमीपणा मानण्याचे कारण नाही, फक्त ती आपल्या जागी, म्हणजे तळाशी, असावीत.

विटा आणि परिसराला लागू पडणारा आणखी एक प्रश्न मात्र ऑप्शन फॉर्मच्या कितीतरी आधी उभा राहतो. बारावी महाराष्ट्रातच झालेल्या सर्वसाधारण विद्यार्थ्याचे गृहविद्यापीठ तो बारावी जेथून उत्तीर्ण झाला त्या ठिकाणावरून ठरते. विट्याचा मुलगा अकरावी-बारावीसाठी लातूरला राहिला, तर त्याचे गृहविद्यापीठ नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ होते, आणि कोल्हापूर, सांगली व सातारा या जिल्ह्यांसाठी असलेल्या शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रातील ज्या महाविद्यालयांत जागांची गृहविद्यापीठ आणि इतर अशी विभागणी आहे तेथे तो स्वतःच्या जिल्ह्यात बाहेरचा ठरतो. अशा विद्यार्थ्याने कटऑफच्या तक्त्यातील इतर विद्यापीठांचा भाग पाहायचा असतो. तो न पाहिल्यामुळे पुष्कळांचा अंदाज फसतो.

गलाई व्यवसायातील कुटुंबांची अडचण याहून मोठी आहे. सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या या व्यवसायाने खानापूर, आटपाडी आणि आसपासच्या दुष्काळी भागातील माणसे केरळ, तमिळनाडूपासून उत्तर भारतापर्यंत नेली, आणि त्यांची मुले त्या त्या राज्यांत दहावी-बारावी होतात. दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण झाल्याखेरीज विद्यार्थी उमेदवारीच्या ए प्रकारात बसत नाही. तथापि विद्यार्थी स्वतः, त्याचे वडील किंवा आई महाराष्ट्राचे अधिवासी असल्याचे प्रमाणपत्र असेल, तर तो बी प्रकारातून महाराष्ट्राचा उमेदवार म्हणून अर्ज करू शकतो. हे प्रमाणपत्र नसले की तो परराज्यातील उमेदवार ठरतो, आणि चांगल्या गुणांनिशी केलेली यादीही कुचकामी होते. वय, राष्ट्रीयत्व व अधिवासाच्या या दाखल्यासाठी रहिवासाचे जुने पुरावे लागतात, जे बहुधा गावातील घरात, आजोबांच्या पेटीत किंवा चुलत्यांकडे असतात, आणि जून-जुलैमध्ये परगावाहून फोनवर ते गोळा करणे दुरापास्त होते. मुलगा अकरावीत असतानाच दिवाळीला किंवा यात्रेला गावी आलेल्या कुटुंबाने अर्ज देऊन ठेवला, तर कागदपत्रांतील त्रुटी दुरुस्त करायला त्याच्या हाती दीड वर्षाहून अधिक काळ राहतो.