गोड किती, हे गिऱ्हाईक ठरविते
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



चिटणिसांनी आम्हांस परदेशी व्यापारावर बोलण्याची आज्ञा केली. विषय समुद्राएवढा, आणि आमची ओंजळ लहान. म्हणून चीन देशातील गिऱ्हाइकास परक्याने मिठाई व खाऊ कसा विकावा, एवढाच प्रश्न आम्ही निवडला आहे. आपल्या ज्ञातीत फराळाचे पदार्थ करून विकणारी घराणी आहेत. त्यांतील काही तरुण आपली शिल्लक या व्यापारात घालण्याच्या विचारात आहेत, असे आमच्या कानी आले. हे चार शब्द मुख्यतः त्यांच्यासाठी आहेत.

गोडाच्या बाबतीत चीनचा व आपला संबंध जुना आहे. महाराष्ट्रात येऊन गेलेला प्रवासी ह्युएनत्संग आपणांस शाळेपासून ठाऊक आहे. त्याच्याच काळी, इ. स. ६४७ च्या सुमारास, चीनचा सम्राट ताइ-त्सुंग याने उसाच्या रसापासून साखर करण्याची कृती शिकण्यासाठी मगध देशी माणसे पाठविली, अशी तेथील इतिहासग्रंथांत नोंद आहे. तेव्हा साखरेची विद्या त्यांनी आपणांकडून घेतली खरी. परंतु ती जिभेवर किती ठेवावी, हे मात्र त्यांचे त्यांनी ठरविले.

हा धडा आम्ही घरीच शिकलो. काही वर्षांपूर्वी दिवाळीत शांघायचे एक व्यापारी आमच्याकडे पाहुणे आले होते. बेसनाचे लाडू डब्यांत भरून तिकडे पाठवावेत, असा आमचा बेत होता व त्यासाठी रक्कमही बाजूस काढली होती. पाहुण्यांनी चकली दोनदा मागून घेतली. लाडू मात्र अर्धा खाऊन, हात जोडून ताटात ठेवला. आमच्या घरातून पुष्कळ आग्रह झाला, पण उपयोग झाला नाही. मागाहून दुभाष्याने सांगितले, की ‘फारसे गोड नाही’ हीच चिनी माणसाच्या तोंडी मिठाईची मोठी स्तुती असते. त्या अर्ध्या लाडवाने आमची रक्कम वाचविली. दोष लाडवाचा नव्हता. विचारण्यापूर्वी बेत करणाऱ्या आमचा होता.

असा दोष मोठमोठ्यांच्याही हातून घडतो. ओरिओ हे अमेरिकन बिस्किट १९९६ साली चीनमध्ये गेले, ते अमेरिकेत होते तसेच. जवळजवळ दहा वर्षे त्याने नाव काढले नाही. अखेर कंपनीने लोकांना विचारले, तेव्हा दोन गोष्टी कळल्या : बिस्किट फार गोड लागते, आणि चौदा बिस्किटांचा ७२ सेंटांचा पुडा महाग वाटतो. मग साखर कमी झाली आणि २९ सेंटांचा लहान पुडा निघाला. २००६ साली तर गोल आकारही सोडून, वर चॉकलेट चढविलेले लांबट, पापुद्र्यांचे वेफर आले. बिस्किट दुधात बुडवून कसे खावे, हे दाखवीत विद्यार्थी सायकलींवरून पेकिंगमध्ये फिरले. त्याच वर्षी ते चीनमधील सर्वांत अधिक खपणारे बिस्किट ठरले. ज्यांनी आपल्या बिस्किटाचा आकारही मोडला, त्यांची पत मात्र मोडली नाही, हे ध्यानात घ्यावे.

खारट पदार्थांचेही तेच. तळलेले खाऊन अंगात उष्णता वाढते, ही समजूत चिनी घरांत आपल्या आजीबाईंच्या बटव्याइतकीच दृढ आहे. लेज या बटाट्याच्या काचऱ्यांच्या व्यापाऱ्यांनी ते जाणून काकडीच्या चवीच्या काचऱ्या काढल्या व त्या लोकप्रिय झाल्या. उष्ण-थंडाचा हा विचार आपणांस परका नाही. तेथे आपली भगिनीमंडळी कोणत्याही साहेबापेक्षा शहाणा सल्ला देतील.

आणखी एक गोष्ट. संक्रांतीस आपण तिळगूळ वाटतो, तद्वत् नववर्षास व लग्नकार्यात चिनी कुटुंबे मिठाई वाटतात. लग्नातील अशा मिठाईस तर ‘आनंदाची मिठाई’ असेच नाव आहे. दिलेल्या वस्तूत देणाऱ्याची अब्रू असते, म्हणून वेष्टनास मोल येते. इटलीच्या फेरेरो कंपनीचे सोनेरी कागदातील चॉकलेट याच कारणाने चालले, आणि याच कारणाने त्याची नक्कलही झाली. कंपनीने २००३ साली दावा लावला. सर्वोच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल २००८ साली मिळाला. पाच वर्षे वकिलांची बिले भरण्याचे बळ आपल्यापैकी किती जणांत आहे? तेथे व्यापारचिन्हाचा हक्क सामान्यतः प्रथम नोंदविणाऱ्यास मिळतो. म्हणून माल जाण्यापूर्वी नाव नोंदवावे, आणि ते चिनी अक्षरांतही नोंदवावे.

अखेरचा मुद्दा विश्वासाचा. २००८ साली तेथे दुधाच्या भुकटीत मेलामिन मिसळल्याचे उघड झाले. सहा बालके दगावली व सुमारे तीन लाख आजारी पडली. त्या आईबापांच्या मनातील धास्ती आपण समजू शकतो. पुढील वर्षी अन्नसुरक्षेचा नवा कायदा झाला. १ जानेवारी २०२२ पासून तर परदेशी अन्नकारखान्यांची तेथील सीमाशुल्क खात्याकडे नोंदणी आवश्यक झाली. पुड्यावर घटक, तारीख इत्यादी मजकूर चिनी भाषेत हवा. यास कोणी कटकट म्हणेल. आम्ही म्हणतो, लेकराच्या तोंडी जाणाऱ्या वस्तूची चौकशी कडकच असावी.

तरुण मित्रांनो, आपण जरूर जावे. परंतु घरातील दागिने गहाण ठेवून पहिल्याच खेपेस जहाज भरू नये. आधी चिमूटभर नमुना, मग नोंदणी, मग माल, हा क्रम सोडू नये. आजीच्या हातची कृती घरी जशीच्या तशी जपावी. परक्याच्या ताटात मात्र साखर त्याला विचारून घालावी. यात आजीचा अपमान नाही. पाहुण्यास काय आवडते ते विचारून वाढणे, हे तर तिनेच आपणांस शिकविले आहे.