भित्री पिल्ले



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला बोलावले, तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की आम्ही बोनसवर किंवा कामगार कायद्यांवर बोलू. आम्ही विषय कळविला तो कोंबडीच्या पिल्लांचा. चिटणिसांना वाटले, दुसऱ्याच कोणाचे पत्र आपल्या हाती आले! पण पत्र आमचेच होते. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण संघटनेच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. यंत्रमाग कामगारांत तीस वर्षे वावरलो. तरीपण भीती म्हणजे काय, हे आम्हाला उमगले ते परसातल्या खुराड्यापाशी.

चार वर्षांपूर्वी आम्ही बाजारातून सहा आठवड्यांची बारा पिल्ले आणली. यंत्रात उबविलेली, आईच्या पंखाखाली कधी न बसलेली. माणूस दिसला की कलकलाट करून पळायची. पहिल्याच संध्याकाळी त्यांना खुराड्यात घालण्यासाठी आम्ही हात पसरून मागे धावलो. सगळी एका कोपऱ्यात एकमेकांवर चढली. ढीग उपसला, तेव्हा तळचे पिल्लू गुदमरून मेले होते. भ्यालेली पिल्ले असा ढीग करतात आणि खालचे चेंगरते, हे आम्हाला ठाऊक नव्हते. आमची आई ओट्यावरून पाहत होती. म्हणाली, "अरे, घारीसारखी वरून झडप घालतोस, मग ती पळतील नाही तर काय करतील?"

उरली अकरा. आम्ही वाचनालय गाठले. तेथे एका माणसाची ओळख झाली, ती आज तुम्हालाही करून द्यावीशी वाटते. डग्लस स्पाल्डिंग हे त्याचे नाव. स्कॉटलंडात अ‍ॅबर्डीनकडे घरांच्या छपरांवर पाटीच्या दगडाची कौले बसविणारा हा मजूर. अलेक्झांडर बेन या प्राध्यापकांच्या खटपटीने 1862 साली त्याला विद्यापीठातील व्याख्याने फुकट ऐकण्याची परवानगी मिळाली. याने अंड्यातून बाहेर येणाऱ्या पिल्लांच्या डोळ्यांवर लगेच टोप्या चढविल्या आणि निरनिराळ्या वेळी त्या काढून पाहिल्या. पहिल्या दोनतीन दिवसांचे पिल्लू जे हलताना दिसेल त्याच्या मागे चालू लागे, मग ती कोंबडी असो की स्पाल्डिंग असो. पण तीन पिल्लांच्या टोप्या त्याने चौथा दिवस येईपर्यंत ठेवल्या. त्या काढताच तिन्ही पिल्ले त्याला पाहून जिवाच्या आकांताने पळाली. त्याने त्यांचे काहीही वाकडे केले नव्हते! हे त्याने 1873 साली छापले आणि 1877 मध्ये तो वारला. पुढे जग त्याला जवळजवळ विसरले. 1954 साली जे. बी. एस. हाल्डेन यांनी त्याचा लेख पुन्हा छापून आणला. हेच हाल्डेन 1957 मध्ये भारतात राहावयास आले. पक्ष्यांच्या याच स्वभावावर काम करणाऱ्या कोनराड लोरेन्झ यांना 1973 साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. पण वाट एका कौलकऱ्याने आधीच पाडून ठेवली होती.

याचा अर्थ असा की, पिल्लाची भीती हा त्याचा मूर्खपणा नव्हे. आई ओळखण्याचे दिवस सरले की अनोळखी ते घातक समजावे, ही त्याची उपजत शहाणीव आहे. आमच्या पिल्लांचे ते दिवस केव्हाच सरले होते. आता राहिला लांबचा रस्ता, सवयीचा.

तो आम्ही कसा चाललो ते सांगतो. ज्यांच्या परसात पिल्ले असतील त्यांना उपयोगी पडेल. पहिली गोष्ट, पाठलाग बंद. संध्याकाळच्या दाण्याच्या वेळी, पिल्ले थोडी भुकेली असताना, रोज एकाच जागी जमिनीवर बसायचे. उभा माणूस त्यांना ताडासारखा दिसतो. कण्या चार हातांवर टाकायच्या आणि वर्तमानपत्र वाचीत राहायचे. टक लावून पाहायचे नाही. हाक एकच, रोज त्याच सुरात. पिल्लांना पळावयास एक बाजू मोकळी ठेवायची, कारण पळता येते हे कळले की त्यांची पळण्याची घाई कमी होते. दोन दिवस कोणी फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी एक तांबडी तलंग आली, दोन दाणे टिपून पळाली. तिचे पाहून दुसरी आली. मग कण्या रोज वीतभर जवळ आणल्या. शेवटी तळहात जमिनीवर उताणा ठेवला. हात खालून यावा, वरून कधी नाही. वरून येते ती घार. कण्यांत उकडलेल्या अंड्याचा चुरा किंवा वारुळातली वाळवी असली, तर धीर लवकर येतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे : हातावर दाणे टिपणाऱ्या पिल्लाला त्या हाताने धरायचे नाही. रानीखेतीची लस टोचायची असेल, तर काळोख पडल्यावर, ती दांडीवर बसली असता, पंख अंगाशी दाबून हळूच उचलावे. अंधारात कोंबडीला फारसे दिसत नाही, ती झटापट करीत नाही. तीन आठवड्यांत अकरापैकी नऊ हातावर खाऊ लागली. दोन कधीच आली नाहीत. त्यांना तसेच राहू दिले. नऊ येतात म्हटल्यावर ती दोनही हाकेसरशी खुराड्यात शिरतात. मुंगसापासून वाचवावयास तेवढे पुरे आहे.

येथे आम्हाला आमची एक जुनी चूक कबूल केली पाहिजे. तिशीत असताना एका कारखान्याच्या दारात आम्ही कामगारांना 'भित्रे' म्हणालो होतो. सभेला कोणी थांबत नव्हते, म्हणून. एक वयस्क कामगार थांबला आणि म्हणाला, "दादा, तुम्ही भाषण करून घरी जाल. सकाळी मागावर आम्हालाच उभं राहायचंय." आम्हाला उत्तर सुचले नाही. त्या दारात पुन्हा सभा भरावयास दोन वर्षे लागली. कोणी गैरसमज करून घेऊ नये. कामगारांची तुलना आम्ही पिल्लांशी करीत नाही. तुलना आहे ती आमचीच आमच्याशी. दारात ओरडणारा आणि खुराड्यात हात पसरून धावणारा, दोन्ही आम्हीच.

आषाढ लागला तेव्हा आईने विचारले, "आखाडात काय करणार? कोंबडे चार झालेत." प्रश्न बरोबर होता. आम्ही शाकाहारी नाही आणि चार कोंबडे परसात नांदत नाहीत, एकमेकांना रक्तबंबाळ करतात. जो हात दाणे देतो त्यानेच मान धरायची काय? याचे चांगले उत्तर आम्हाला अजून सापडलेले नाही. एवढेच ठरविले की, ती हाक घालून कोणालाही पकडायचे नाही. तीन कोंबडे काढावयाचे होते, ते रात्री दांडीवरून उचलले. दुसऱ्या संध्याकाळी हाक घातली, तेव्हा उरलेली आठही आली. आमचा हात जरा कापत होता.