पाहुणे कामगार, त्यांची पोरं आणि एक फुटबॉल क्लब

आजचा भाग फुटबॉलवर आहे. पण खरं सांगायचं तर तो "आपल्यातला कोण?" या प्रश्नावर जास्त आहे.

मी बर्लिनमध्ये सॉफ्टवेअरची नोकरी करतो. रविवारी आम्ही मराठी पोरं फुटबॉल खेळतो. मध्यंतरी एका सीरियन मुलाने विचारलं, "मी पण येऊ का?" झालं, व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट पडले. एक मित्र म्हणाला, "आठवड्यातून दोन तास तरी मराठीत बोलू द्या की!" त्याचंही काही चुकत नव्हतं. तेव्हा मला इथल्याच क्रॉइत्सबर्ग भागातल्या एका क्लबची गोष्ट आठवली.

थोडं मागे जाऊ. ऑगस्ट 1961 मध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली आणि पूर्वेकडून रोज कामाला येणारी माणसं पश्चिम बर्लिनला मिळेनाशी झाली. त्याच वर्षी 30 ऑक्टोबरला पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगार आणायचा करार केला. या लोकांना नाव पडलं 'गास्टआर्बायटर', म्हणजे पाहुणे कामगार. आता पाहुणा म्हटला की तो परत जाणार, हे आलंच. सुरुवातीला मुक्कामाची मुदतही दोनच वर्षांची होती. पण शिकवून तयार केलेली माणसं कारखान्यांना सोडवेनात. 1973 मध्ये भरती बंद झाली, तेव्हा "एकदा गेलो तर परत येता येणार नाही" म्हणून बरेच जण उलट इथेच थांबले, बायकामुलांना बोलावून घेतलं. क्रॉइत्सबर्ग भिंतीला लागून होतं, भाडं कमी होतं. तिथे वस्ती वाढली.

तिथल्या तुर्की तरुणांनी 1978 मध्ये हौशी क्लब काढला. पहिलं नाव होतं क्रॉइत्सबर्ग युवक संघ, अर्थात तुर्की भाषेत. मग नाव झालं 'इझ्मीरस्पोर', इझ्मीर शहरावरून. आणि 1987 मध्ये 'ट्युर्कियेमस्पोर'. 'ट्युर्कियेम' म्हणजे माझा तुर्कस्तान. गंमत बघा, आधी मोहल्ला, मग गावाकडचं शहर, मग अख्खा देश. माणसं वाढत गेली तसं नावही मोठं करावं लागलं.

खेळातही क्लब मागे नव्हता. 1988, 1990 आणि 1991 अशी तीन वेळा त्यांनी बर्लिनची कप स्पर्धा जिंकली. 1991 मध्ये तर ते दुसऱ्या बुंडेसलिगाच्या, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलच्या दारापर्यंत पोचले होते. पण टेनिस बोरुसिया संघ त्यांच्या पुढे राहिला आणि ती संधी हुकली.

आता मला सगळ्यात भिडलेली गोष्ट. तेव्हा संघात परदेशी खेळाडू किती असावेत, यावर मर्यादा असायची. मग बर्लिनमध्येच वाढलेल्या तुर्की पोरांना काय म्हणायचं? जर्मन फुटबॉलमध्ये यासाठी एक शब्द होता, 'फुसबॉलडॉइचर', म्हणजे फुटबॉलपुरता जर्मन. सलग पाच वर्षं जर्मन क्लबांत खेळलायस, त्यातली किमान तीन ज्युनिअर म्हणून? मग तू परदेशी नाहीस. आईबाप कुठले, हा प्रश्नच नाही. कुठे खेळलास, एवढंच विचारायचं.

देशाचा कायदा मात्र रक्ताचं नातं बघत होता. परदेशी आईबापांच्या पोटी जर्मनीत जन्मलेल्या मुलांना, काही अटींवर का होईना, जन्माने नागरिकत्व मिळायला 1 जानेवारी 2000 उजाडावं लागलं. म्हणजे पासपोर्टच्या आधी मैदानाने त्यांना आपलं म्हटलं. अर्थात सगळीकडे नाही हं. जर्मनीचं एकीकरण झाल्यावर पूर्वेकडच्या गावांत सामने खेळताना या संघाने वंशद्वेषी शिवीगाळ सोसली.

पुढे पैशाचे हाल झाले. 2011 मध्ये क्लबवर दिवाळखोरीची वेळ आली. पण तो संपला नाही. आज तिथे मुलींचे, महिलांचेही संघ आहेत आणि खेळणारे सगळे काही तुर्की नाहीत. नाव मात्र अजून तेच, माझा तुर्कस्तान. दार उघडलं म्हणून पाटी काढावी लागत नाही, हे मला त्यातून कळलं.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. वाद लगेच मिटला असं नाही. पण पुढच्या रविवारी तो मुलगा आला. आम्ही मराठीतच ओरडत होतो. अर्ध्या तासात तोही ओरडला, "अरे, इकडे दे!"

तुमच्या ग्रुपमध्ये असा प्रसंग आलाय का? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!