ख्रिस्ती ध्यानप्रार्थना आणि काळ



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून एका स्नेह्यांनी आम्हांला विचारले, "तुम्ही ख्रिस्ती नाही, ध्यानी तर मुळीच नाही, मग हा विषय कशाला घेतलात?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर थोडे घरगुती आहे, पण ते दिल्यावाचून पुढचे बोलणे पोकळ होईल, म्हणून आधी तेच सांगून टाकतो.

आमचे वडील अखेरच्या दुखण्यात पाच आठवडे अंथरुणाला खिळून होते. आम्ही शाळामास्तर, आणि दिवस परीक्षेचे. संध्याकाळी त्यांच्या उशाशी खुर्ची टाकून, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा मांडीवर घेऊन आम्ही बसत असू. वडिलांना सोबत होते आणि कामही उरकते, असा आमचा हिशेब होता. त्या हिशेबाचा थोडा अभिमानही होता. एके संध्याकाळी त्यांनी काहीतरी विचारले. आम्ही मान वर न करता "हं" म्हणालो. ते पुन्हा बोलले नाहीत. चार दिवसांनी ते गेले. गुणांच्या याद्या शाळेत वेळेवर पोहोचल्या. वडिलांनी काय विचारले होते ते मात्र आम्हांला सांगता येत नाही, कारण ते आम्ही ऐकलेच नव्हते.

पुढे काही वर्षांनी एका सहकाऱ्यांच्या कपाटातले एक जुने इंग्रजी पुस्तक हाती आले, आणि त्याच्या चौथ्याच प्रकरणात हा आमचा गठ्ठा आम्हांला पुन्हा दिसला. त्या पुस्तकाकडे येतोच. पण थोडे मागून यावे लागेल.

'काळ आला होता, पण वेळ आली नव्हती' असे आपण सहज म्हणतो. काळ वेगळा आणि वेळ वेगळी, हे आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही ठाऊक असते. ख्रिस्ती धर्मग्रंथातला नवा करार ज्या ग्रीक भाषेत लिहिला गेला तिच्यातही असे दोन शब्द आहेत. क्रोनोस म्हणजे मोजता येणारा, वाहत जाणारा काळ. कैरोस म्हणजे नेमकी वेळ, भरून आलेली घडी. मार्काच्या शुभवर्तमानात येशू उपदेशाला आरंभ करतो तो वेळ भरली आहे असे सांगून, आणि तेथे शब्द आहे कैरोस. ख्रिस्ती साधकांची पुढची सारी धडपड या दोन शब्दांमधल्या अंतरात चाललेली आहे, असे आम्हांला वाटते.

काळाचे कोडे ज्याने पहिल्यांदा प्रार्थनेतच मांडले तो सेंट ऑगस्टीन. जन्म इ. स. ३५४, आजच्या अल्जीरियात. त्याच्या 'कन्फेशन्स' या आत्मकथनाचे अकरावे प्रकरण म्हणजे काळावरचे चिंतन. आणि ते चिंतन वाचकाला उद्देशून नाही, थेट देवाला उद्देशून आहे. विचारवंताने कोडे पडले म्हणून देवालाच विचारावे, ही गोष्ट आम्हांला फार लोभस वाटते. तो म्हणतो ते थोडक्यात असे : गेलेला काळ आता नाही, येणारा अजून नाही, मग आपण मोजतो ते काय? त्याचे उत्तर असे की मोजमाप मनात होते. मन आठवते, मन पाहते, मन वाट बघते. पाठ असलेले स्तोत्र म्हणताना जे म्हणायचे उरले ते अपेक्षेत असते आणि म्हणून झालेले स्मृतीत जमा होते. म्हणता म्हणता एक बाजू रिती होते, दुसरी भरते. मन असे दोहोंकडे ताणले गेलेले आहे, आणि हे ताणलेपण त्याला दुखते. काळ मोजता येतो याचा त्याला आनंद नाही. आपण त्यात विखुरलो याचा त्याला खेद आहे.

यानंतर मठांचा काळ येतो. सहाव्या शतकात इटलीतल्या मोंते कासिनो येथे सेंट बेनेडिक्टने आपल्या मठवासीयांसाठी नियम लिहिले. दिवसा सात वेळा आणि रात्री एकदा सर्वांनी एकत्र प्रार्थनेला जमायचे. खूण झाली की हातातले काम असेल तेथे टाकून निघायचे. त्याच्याही आधी कासियन या लेखकाने ईजिप्तमधल्या तपस्व्यांविषयी लिहिले आहे, की दारावर थाप पडताच लिहीत बसलेला माणूस सुरू केलेले अक्षरसुद्धा पुरे करीत नसे. आमच्यासारख्या गठ्ठा उरकणाऱ्या माणसाने हे वाचून थोडे थांबावेच लागते. अर्धे अक्षर सोडून उठायचे म्हणजे काय? माझ्या कामाचा शेवट मी ठरवणार नाही, हे दिवसातून आठ वेळा कबूल करायचे.

पण गंमत पाहा. याच घंटेतून पुढे घड्याळ आले. इंग्रजी 'क्लॉक' हा शब्द मुळात घंटेच्या लॅटिन नावावरून आला. आपल्याकडेही 'तास' म्हणजे आधी ठोकायची धातूची थाळीच. तेराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात यंत्राची घड्याळे दिसू लागली. १३३५ साली फ्रान्सच्या राजाने आमियां शहराला परवानगी दिली, की कामकऱ्यांनी कामावर केव्हा यावे आणि केव्हा सुटावे यासाठी घंटा वाजवावी. लुई ममफर्ड या अमेरिकन लेखकाने १९३४ साली असे प्रतिपादन केले, की यंत्रयुगाच्या शिस्तीचा उगम मठांत आहे. काम सोडायला लावणारी घंटा कामाला जुंपणारी झाली! यात कोणाचा दोष काढावा हे आम्हांला कळत नाही. पण आपल्या मनगटावरचे यंत्र कोणत्या घराण्यातले, हे माहीत असलेले बरे.

आता ते पुस्तक. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडात कोणा अनामिकाने चोवीस वर्षांच्या एका तरुण शिष्यासाठी ते लिहिले. नाव 'द क्लाउड ऑफ अननोइंग', म्हणजे न-जाणण्याचा ढग. लेखक सांगतो, की देव आणि आपण यांच्यामध्ये एक ढग आहे. बुद्धीने तो भेदत नाही, प्रेमाने भेदतो. या प्रार्थनेत मागणे नाही, वर्णन नाही, मनात चित्र उभे करणे नाही. एक लहानसा, शक्य तर एकाक्षरी शब्द धरायचा आणि मन भटकले की त्याच्याशी परत यायचे. आपल्याला येथे नामस्मरण आठवेल. साम्य आहे खरे, पण दोन्ही एकच म्हणून मोकळे होण्याची घाई करू नये. येथे जपाची संख्या नाही, माळ नाही. शब्द आहे तो केवळ परतीची वाट दाखवायला. लेखकाचा दृष्टांत असा, की घराला आग लागलेला माणूस लांब भाषण करीत नाही, एकच शब्द ओरडतो आणि तो सर्वांना ऐकू जातो. व्याख्यात्यांनी हा दृष्टांत फार वेळा सांगू नये, हे आम्ही जाणतो.

या कामाला किती वेळ लागतो? शिष्याला वाटले असेल, वर्षे लागत असतील. लेखक म्हणतो, याहून थोडक्या वेळात होणारे दुसरे काम नाही : एक अणू. त्या काळच्या गणितात अणू हे काळाचे सर्वांत लहान माप होते. एका तासाचे २२,५६० अणू, म्हणजे मिनिटाला ३७६. तेवढ्यात मन देवाकडे वळते. तेवढ्यातच ते निसटते आणि पुन्हा वळावे लागते. आणि मग ते वाक्य येते ज्यापाशी आमचे बोट थबकले. त्याचा आशय असा, की देव काळ देतो तो एकामागून एक देतो. दोन क्षण एकदम कधीच देत नाही. आम्ही वडिलांच्या उशाशी बसून नेमके तेच करू पाहत होतो. एका संध्याकाळीं दोन संध्याकाळी वसूल करायच्या होत्या.

कोणी म्हणेल, हे मठात ठीक; स्वयंपाक कोण करणार? तर स्वयंपाक करणाराच एक होऊन गेला. लॉरेनमध्ये जन्मलेला निकोला एर्मां, आधी शिपाई, जखमी होऊन पायाने अधू. १६४० साली तो पॅरिसच्या कार्मेलाइट मठात दाखल झाला आणि बंधू लॉरेन्स झाला. वर्षानुवर्षे त्याने तेथले स्वयंपाकघर सांभाळले, पुढे चपला शिवल्या. स्वयंपाकघराची त्याला मनापासून नावड होती, हे त्याने लपवले नाही. एकदा मठासाठी दारू खरेदी करायला त्याला बर्गंडीला धाडले; होडीत चालता येईना, तेव्हा पिंपांवरून गडगडत तो इकडून तिकडे जाई. १६९१ साली तो वारला, आणि त्याची संभाषणे व पत्रे मागाहून छापली गेली. त्याचे सांगणे एवढेच, की प्रार्थनेची ठरलेली वेळ आणि चुलीपुढची वेळ यांत त्याला फरक उरला नव्हता. मळ्यातला सावता माळी ज्यांनी मानला त्यांना हे समजणे अवघड नाही. पण एक ध्यानात घ्यावे : लॉरेन्स दोन कामे एकदम करीत नव्हता. त्याचे एकच काम चाललेले असे.

आपल्या काळात ही धारा पुन्हा वर आली. १९७०च्या दशकात अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या स्पेन्सर येथील ट्रॅपिस्ट मठात विल्यम मेनिंजर, बेसिल पेनिंग्टन आणि टॉमस कीटिंग यांनी या 'ढगा'च्या पुस्तकावरूनच सामान्य माणसाला जमेल अशी पद्धत बसवली : दिवसातून दोनदा, वीस-वीस मिनिटे. आणि फार लांब जायला नको. मुंबईत १९३१ साली जन्मलेले येशूसंघीय अँथनी डिमेलो यांनी लोणावळ्याला साधना-केंद्र चालवले, आणि त्यांचे 'साधना' हे इंग्रजी पुस्तक १९७८ साली निघाले. त्यात श्वासाकडे आणि शरीराच्या जाणिवांकडे लक्ष देण्यापासून आरंभ आहे. पूर्वेकडच्या साधनांचे ऋण त्यांनी मोकळेपणाने मान्य केले.

हल्ली ध्यानाने कचेरीतले काम जास्त होते, अशी जाहिरात चालते. होतही असेल. परंतु ती वीस मिनिटे पुढच्या आठ तासांच्या भांडवलासाठी घालायची, तर तो मांडीवरचा गठ्ठाच झाला, फक्त डोळे मिटून घेतलेला. या प्रार्थनेत वेळ गुंतवायचा नसतो, देऊन टाकायचा असतो. आणि दिलेल्याचा हिशेब मागायचा नसतो. हिशेबी माणसाला हे फार जड जाते, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

आम्ही गेली काही वर्षे सकाळी वीस मिनिटे बसतो. देवाविषयी आमची मते अजून पक्की नाहीत, म्हणून आम्ही 'ये' एवढा शब्द धरला आहे. कोणाला म्हणतो ते विचारू नका. शेजारच्या घरी कुकरची शिट्टी होते, तेव्हा आम्ही ती मोजतो, मोजतो आहोत हे कळते, मग परत येतो. अठराव्या मिनिटाच्या सुमारास नजर घड्याळाकडे जातेच. दुपारी शेजारची लहान मुलगी काही सांगायला आली की हातातले वर्तमानपत्र आम्ही घडी न घालता खाली ठेवतो. तिचे सांगणे बहुधा मांजराविषयी असते, आणि लांबते. वडिलांचा तो प्रश्न परत आलेला नाही, येणारही नाही.

 कोणाला काही विचारायचे असल्यास आम्ही बसलो आहोत.