रांगेतून सटकू नका

(नालासोपारा पूर्वेच्या एका वस्तीतल्या बुद्धविहारात, कॉलेजं उघडायच्या आधीच्या रविवारी केलेलं भाषण. बोललो तसंच छापायला दिलंय.)



बारावी झाली, पेढे वाटून झाले, गल्लीत तुमच्या फोटोचा बॅनर लागला. आता कॉलेज. अन् मला इथं 'मार्गदर्शन' करायला उभं केलंय. मार्गदर्शन म्हणजे काय, तर साहेब येतो, शाल पांघरून घेतो, खूप शिका, मोठे व्हा, समाजाचं ऋण फेडा म्हणतो अन् गाडीत बसून जातो. आपल्याला ते जमत नाही. मी पहिल्याच वर्षाला गटांगळी खाल्लेला माणूस. ती कशी खाल्ली तेवढं सांगतो.

साल 1996. कॉलेजचं नाव घेत नाही. ऑफिसच्या खिडकीपुढं दोन रांगा. एक फी भरणाऱ्यांची, दुसरी आमची. जुलैचा पाऊस, सगळे भिजलेले. खिडकीतला क्लार्क ओरडला, "ए स्कॉलरशिपवाले, बाजूला व्हा, पैसेवाल्यांना पुढं येऊ द्या!" पहिल्या रांगेत माझ्या वर्गातल्या चार पोरी उभ्या. आदल्याच दिवशी त्यातल्या एकीला मी माझं आडनाव गावाच्या नावाला 'कर' जोडून सांगितलं होतं. त्या चौघी वळून बघायच्या आत मी रांगेतून सटकलो. जिन्याखाली जाऊन उभा राहिलो. उद्या भरू म्हटलं. उद्या गेला, आठवडा गेला, तारीख गेली.

मार्चमध्ये हॉलतिकीट अडकलं. फी बाकी. आई तेव्हा भाईंदरला चार घरची धुणीभांडी करायची. तिला मी काय सांगितलं माहितीय? सरकारनं स्कॉलरशिप बंद केली म्हणून. साला, सरकारनं नव्हती केली, मी केली होती. त्या क्लार्कनं नुसतं ओरडून सोडलं होतं; त्याचं उरलेलं काम मी स्वतःच्या हातानं पुरं केलं. वर्ष बुडालं.

आईला जूनमध्ये कळलं. तिनं मारलं नाही. कामावरून आली तशी, ओल्या पदरानं माझ्याबरोबर कॉलेजात आली अन् त्याच रांगेत उभी राहिली. म्हणाली, "मी लोकांची खरकटी उचलते, तोंड लपवते का? तू कागदाला लाजतोस?"

दोस्तांनो, तो कागद कुणी दान म्हणून दिलेला नाही. 1942 साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात गेले, अन् त्याच वर्षी त्यांनी आपल्या माणसांच्या गाऱ्हाण्यांचं लेखी निवेदन व्हाइसरॉयपुढं टाकलं. त्यात शिक्षणाच्या पैशाची मागणी होती. 1944 पासून मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती सुरू आहे. भांडून मिळवलेली आहे. अन् बाबासाहेबांनी स्वतः काय केलं? बडोद्याच्या गायकवाडांचे महिन्याला 25 रुपये घेतले अन् एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले. तिथला हॉटेलवाला त्यांना चहा देत नव्हता, पाणी देत नव्हता. ते जिन्याखाली लपले नाहीत. 1912 साली बी. ए. झाले. जिन्याखाली मी लपलो होतो.

आता खिडकी गेली. आता महाडीबीटीचं पोर्टल. पोर्टल ओरडत नाही, पण चूपचाप मारतं. अर्ज पाठवला म्हणजे काम झालं असं समजू नका. तो कॉलेजच्या लॉगिनला जाऊन पडतो, अन् तिथं कुणी हात लावला नाही तर पडूनच राहतो. दर आठवड्याला उघडून बघा. चूक काढून परत पाठवला असेल तर ती मुदतीत दुरुस्त करायची असते. उत्पन्नाचा दाखला तहसीलचा लागतो. अडीच लाखाच्या आत उत्पन्न असलं तर शिष्यवृत्ती. वर असलं तरी फ्रीशिप आहे, हे आपल्या कितीतरी घरांना ठाऊकच नसतं. इंजिनिअरिंग, मेडिकल, लॉला जाणाऱ्यांनो, जातीचा दाखला वेगळा अन् जातपडताळणी वेगळी. प्रवेशाच्या तोंडावर पळापळ केलीत तर सीट हातची जाते.

अन् एक नवा खड्डा. 2021 पासून केंद्राचा 60 टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या आधार जोडलेल्या खात्यात येतो. त्यातून कॉलेजचा हिस्सा कॉलेजला आपण भरायचा. पण आपल्या घरात पैसा आला की तो पैसा राहत नाही. डिपॉझिट असतं, आजारपण असतं. भावाचा मोबाईल असतो! पोरींनो, खातं तुमच्या नावावर आहे ना? मग पासबुक तुमच्याकडं पाहिजे. भावांनो, हे तुम्ही पण ऐका, हसू नका.

कॉलेजनं आगाऊ पूर्ण फी मागितली तर भांडायला जाऊ नका, अन् पळूनही जाऊ नका. 2021 च्याच केंद्राच्या नियमांत फ्रीशिप कार्डाची सोय लिहिलेली आहे, आगाऊ फी न भरता प्रवेश मिळावा म्हणून. तेवढं लिहून अर्ज द्या. झेरॉक्सवर शिक्का घ्या, आवक नंबर घ्या. तोंडी बोलणं वाऱ्यावर जातं. शिक्क्याला खिडकीतला माणूस घाबरतो.

वर्गात विचारतील, कुठनं येतोस? नालासोपारा म्हटलं की काही जण हसतात. विरार लोकलला लोंबकळत येणारी, टँकरच्या पाण्याची माणसं. हसू द्या. या सोपाऱ्यात 1882 साली भगवानलाल इंद्रजींनी स्तूप खोदला, अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा इथंच सापडला. मुंबई सात बेटं होती तेव्हा हे बंदर होतं. पण खरं सांगू? हे सगळं ठाऊक नसतं तरी पत्ता लपवायचं कारण नव्हतं. चाळीचा पत्ता हाच पत्ता.

इंग्रजी येत नाही म्हणून मागच्या बाकावर बसाल. मी बसलो. पहिले तीन महिने काही कळत नाही, हे पुढच्या बाकावरच्यालाही लागू असतं; तो फक्त मान डोलावतो.

नवीन धोरणात आता एक मागचा दरवाजा आहे. एका वर्षानं बाहेर पडलात तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा, तीन वर्षांनी पदवी. त्याला सोय म्हणतात. कुणाची सोय? ज्याच्या बापाचा धंदा आहे तो या दरवाजानं बाहेर पडणार नाही. पडणार आपली पोरं, वसईच्या कंपनीत हेल्परला जायला. पूर्वी सोडणाऱ्याला निदान कळायचं की आपण सोडलं. आता हातात कागद ठेवून घालवतील. घरची अडचण खरी असते, मी नाकारत नाही. पण तो दरवाजा उघडायच्या आधी इथं येऊन चार जणांना सांगा.

अन् छळ झाला तर एकट्यानं गिळू नका. 2016 साली हैदराबादला रोहित वेमुला गेला; त्याची फेलोशिप महिनोन् महिने थकलेली होती. 2019 साली मुंबईत डॉक्टर पायल तडवी गेली, सीनियर जातीवरून छळतात म्हणून घरच्यांनी तक्रार केल्यावरही. ही नावं तुम्हाला भीती घालायला घेत नाही. पण पैसा अडला, कुणी जातीवरून बोललं, झोप उडाली, तर त्याच रात्री कुणाला तरी फोन करा. मित्राला, बहिणीला, मला. रॅगिंगविरोधी हेल्पलाइन आहे, 1800-180-5522. मोबाईलमध्ये आत्ताच टाका. टाकला? मागचे दोघं टाकत नाहीत, मला दिसतंय.

बस, माझं झालं. त्या टेबलावर दोन लॅपटॉप मांडलेत. दाखले, आधार, पासबुक घेऊन आलेत त्यांनी तिकडं जा. रांग एकच आहे. ज्यांच्याकडं उत्पन्नाचा दाखला नाही त्यांनी माझ्याकडं नावं द्या, उद्या सकाळी तहसीलला जायचंय, नऊ छप्पनच्या गाडीनं नाही, त्याच्या आधीच्या.