चालू काम थांबविण्याची रीत
(नांदेड व लातूर जिल्ह्यांतील प्राथमिक शिक्षकांपुढील भाषण)



आपल्या शाळांतून संगणक आले आणि त्याबरोबर एक नवी अडचणही आली. मुले काही लिहीत असतात; मध्येच पडदा गोठतो, कळा दाबल्या तरी उत्तर येत नाही. मग कोणीतरी उठून विजेचे बटण बंद करतो. यंत्र थांबते खरे. परंतु त्याबरोबर शेजारच्या खिडकीत चाललेले निर्दोष कामही बुडते. एखादी फाईल त्या क्षणी अर्धवट लिहिली गेली असेल, तर ती पुन्हा उघडेलच याचा भरवसा राहत नाही. जेथे अनेक मुलांच्या वाट्याला एकच यंत्र येते, तेथे ही हानी लहान नव्हे. एका बिघडलेल्या कामासाठी सारे यंत्र बंद करू नये, आणि ते एक काम थांबवितानाही प्रथम विनंती व शेवटी बळ हा क्रम सोडू नये, एवढेच आज मला सांगावयाचे आहे.

मी जी रीत सांगणार आहे ती लिनक्स प्रणालीची होय. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत युनिक्स प्रणालीचा आरंभ झाला. तिच्याच धर्तीवर १९९१ साली लिनक्स निघाली. आपल्या सी-डॅक संस्थेने तयार केलेली ‘बॉस’ ही प्रणालीही त्याच कुळातील. या प्रणालीत टर्मिनल नावाची खिडकी उघडून यंत्रास लेखी आज्ञा देता येते.

प्रथम ओळख पटविली पाहिजे. संगणकात चालू असलेल्या प्रत्येक कामास प्रोसेस म्हणतात व प्रत्येकीस एक क्रमांक मिळतो. वर्गात एकाच नावाची दोन मुले असली, तरी जनरल रजिस्टरातील क्रमांकामुळे घोटाळा होत नाही. तसाच हा प्रकार आहे. पी-एस ही अक्षरे लिहून, जागा सोडून ए-यू-एक्स लिहिले की सर्व प्रोसेसींची यादी मिळते. ‘टॉप’ ही आज्ञा दिली तर कोणती प्रोसेस यंत्राची किती शक्ती खात आहे तेही दिसते. त्यातून बाहेर पडण्यास ‘क्यू’ची कळ दाबावी. क्रमांक नीट पाहिल्यावाचून पुढचे पाऊल टाकू नये.

आता थांबविण्याची आज्ञा. ती के-आय-एल-एल या चार अक्षरांची आहे. ‘किल’ म्हणजे मारणे. नाव कठोर आहे, परंतु तिचे खरे काम संदेश पोचविण्याचे. या संदेशास सिग्नल हाच शब्द आहे. मुदखेड किंवा लातूर रोड जंक्शनवर सिग्नल लाल झाला म्हणजे तो स्वतः गाडी अडवीत नाही. चालक तो पाहून ब्रेक लावतो. ‘किल’ लिहून पुढे इंग्रजी अंकांत प्रोसेसचा क्रमांक दिला, की १५ क्रमांकाचा संदेश जातो. त्याचा अर्थ, ‘आता आवरते घ्या.’ नीट रचलेला कार्यक्रम अशा वेळी उघड्या फाईली मिटतो, तात्पुरते कागद काढून टाकतो आणि मग थांबतो. जतन न केलेले लिखाण त्यामुळे वाचेलच असे नाही. मात्र आवरण्याची संधी मिळते.

दहा-पंधरा सेकंद वाट पाहूनही काम थांबले नाही, तरच ९ क्रमांकाचा संदेश द्यावा. त्यासाठी ‘किल’ आणि प्रोसेसचा क्रमांक यांच्यामध्ये उणे चिन्हास जोडून ९ लिहावे. हा संदेश प्रोसेसला ऐकू येतच नाही. प्रणाली तिला जागच्या जागी संपविते. आवरण्यास अवधी नसल्यामुळे अर्धे लिहिलेले तसेच राहते. म्हणून हा शेवटचा उपाय होय, पहिला नव्हे.

काही वेळा थांबविण्यापेक्षा थोपविणे पुरते. टर्मिनलमधूनच सुरू केलेले काम कंट्रोल व सी या कळा एकत्र दाबल्याने बहुधा संपते; कंट्रोल व झेड दाबल्याने ते थबकते आणि एफ-जी लिहिले की जेथे थबकले तेथूनच पुढे चालू लागते.

आणखी दोन प्रसंग ध्यानात ठेवावेत. यादीत कधी ‘झोंबी’ म्हणून खूण केलेली प्रोसेस दिसते. ती संपलेलीच असते. तिला जन्म देणाऱ्या मूळ प्रोसेसने तिचा अखेरचा अहवाल घेतलेला नसतो, म्हणून नाव उरते. मूल शाळा सोडून गेले, पण पालकांनी दाखला नेला नाही, तर नाव पटावर राहते, तद्वत. अशा नावावर ९ चा संदेशही व्यर्थ. चौकशी मूळ प्रोसेसची करावी. दुसरा प्रसंग, सैल बसलेल्या पेनड्राईव्हची वाट पाहत अडकलेल्या कामाचा. तेही उपकरणाकडून उत्तर येईपर्यंत कधी कधी ९ लासुद्धा दाद देत नाही. तेथे दोष तारेत वा खाचेत शोधावा.

‘किलऑल’ ही आज्ञा एका नावाच्या सर्व प्रोसेसी एकदम थांबविते. तिचा उपयोग जपून करावा. एका मुलाच्या अडचणीपायी दुसऱ्याचेही काम जाईल. सामान्य वापरकर्त्यास दुसऱ्याच्या प्रोसेसी थांबविता येत नाहीत, हा प्रणालीचा नियमही हितकर आहे. विंडोज असलेल्या शाळांत यादीसाठी ‘टास्कलिस्ट’ व थांबविण्यासाठी ‘टास्ककिल’ या आज्ञा आहेत. क्रम मात्र तोच ठेवावा.

पुण्यातील ‘परम’सारख्या महासंगणकावर एकाच वेळी अनेक संशोधकांची कामे चालतात. तेथे एकाच्या अडलेल्या कामासाठी सर्वांचे यंत्र बंद करण्याचा विचारही कोणी करणार नाही. आपल्या शाळेतील यंत्र लहान असले, तरी त्यावरील मुलाचे काम त्या मुलास तितकेच मोलाचे असते.

म्हणून माझी विनंती आहे की, प्रत्येक यंत्राजवळ एक पुठ्ठा टांगावा व त्यावर चारच ओळी ठळक लिहाव्यात: क्रमांक पाहा, १५ द्या, थांबा, मगच ९. वरच्या वर्गांतील मुलांकडून हे प्रत्यक्ष करवून घ्यावे. सरावासाठी एस-एल-ई-ई-पी, म्हणजे ‘स्लीप’, ही निरुपद्रवी आज्ञा सुरू करून तीच थांबवावयास सांगावे. यंत्र अडले म्हणजे घाबरून बटणाकडे धावण्याऐवजी कोणते काम अडले आहे हे आधी पाहण्याची सवय त्यांस लागेल, आणि तीच या पाठाची खरी कमाई.