शाईचे मत आणि सहीचे मत

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



१५ जानेवारी २०२६ रोजी मुंबई महानगरपालिकेची निवडणूक झाली, त्या दिवशी शहरात सर्वांत अधिक चर्चा झाली ती बोटावरच्या खुणेची. मतदाराच्या बोटाला लावलेली मार्करची शाई पुसता येते की नाही, यावरून दिवसभर गदारोळ चालला होता. त्याच सुमारास गिरगावातल्या कित्येक चाळींत दुसरेच एक मतदान चालू होते, आणि ते आजही चालू आहे. त्या मतदानाला केंद्र नाही, आचारसंहिता नाही, गुप्तता नाही. भाडेकरूने बिल्डरच्या संमतिपत्रावर सही करायची, एवढाच त्याचा विधी. आणि ही सही मात्र पुसता येत नाही; कायद्यानेच ती मागे न घेता येणारी ठरवली आहे. पाच वर्षांनी दिल्या जाणाऱ्या मताची खूण टिकते की नाही याविषयी सगळे शहर बोलले. आयुष्यात एकदाच दिल्या जाणाऱ्या या दुसऱ्या मताविषयी मात्र कोणी अवाक्षर काढले नाही. रहिवाशाच्या दृष्टीने स्थानिक निवडणुकीचा खरा प्रश्न या दोन मतांमधल्या अंतरात आहे.

हे अंतर कसे पडले ते पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. दक्षिण मुंबईतल्या जुन्या वस्तीचे, म्हणजे गिरगाव, ठाकूरद्वार, काळबादेवी, भुलेश्वर या भागाचे आजचे रूप भाड्याच्या कायद्याने घडवले आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाण भाड्यासाठी १ सप्टेंबर १९४० हा दिवस धरला. युद्धकाळातल्या आणि फाळणीनंतरच्या टंचाईत त्या संरक्षणाची नितांत गरज होती. ते नसते तर गिरणीतला जॉबर, छापखान्यातला कंपॉझिटर, शाळामास्तर आणि पेढीवरचा कारकून शहराच्या मध्यभागी राहूच शकला नसता. पण भाडे गोठले आणि इमारत मात्र म्हातारी होत गेली. मिळणाऱ्या भाड्यात मालकाला जिन्याचा कठडाही बदलणे परवडेना, आणि परवडत असले तरी त्याला त्यात स्वारस्य उरले नाही. त्याचा लाभ पागडीत आणि इमारत पडल्यानंतरच्या जमिनीत होता. अखेर १९६९ मध्ये इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला आणि रहिवाशांकडून उपकर घेऊन सरकारने दुरुस्तीची जबाबदारी अंगावर घेतली. तेव्हा अशा उपकरप्राप्त इमारती १९,६४२ होत्या, आणि त्यांतल्या १६,५०२ या सप्टेंबर १९४० पूर्वीच्या. पुढे हे मंडळ म्हाडाचा भाग झाले. टेकू लागले, तुळया बदलल्या, आणि टेकूंना पुन्हा टेकू लागले.

या चाळींविषयी गोड आठवणी सांगणाऱ्यांची महाराष्ट्रात वाण नाही. केशवजी नाईक चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला; अशा चाळींच्या गच्च्यांवर आणि गॅलऱ्यांत नाटकांच्या तालमी झाल्या, व्याख्याने झाली, संयुक्त महाराष्ट्राच्या सभांसाठी माणसे निघाली. ते सगळे खरे आहे. परंतु सामाईक संडासापुढे डबा घेऊन उभी राहणारी म्हातारी त्या आठवणी लिहीत नाही. पहाटे पाणी भरण्यासाठी उठणारी सूनही लिहीत नाही. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ माणसे मेली. तेव्हा जुनी वस्ती जशी आहे तशीच राहावी असे म्हणणे हा तिच्याबाहेर राहणाऱ्यांचा छंद आहे. रहिवाशाला स्वतःचा संडास, चोवीस तासांचे छप्पर आणि न हलणारा जिना हवा आहे, आणि ही मागणी पूर्णपणे न्याय्य आहे. नवे घर पाहिजे हे निश्चितच आहे. ते कोणाच्या अटीवर, हा प्रश्न आहे.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ३३(७) या नियमाने त्या प्रश्नाचे सरकारी उत्तर दिले. भाडेकरूंना नव्या इमारतीत विनामूल्य घर द्यायचे आणि त्या मोबदल्यात वाढीव चटईक्षेत्र घेऊन उरलेले गाळे बाजारभावाने विकायचे. त्यासाठी पूर्वी ७० टक्के रहिवाशांची संमती लागे. पुढे हे प्रमाण ५१ टक्क्यांवर आणण्यात आले. सबब अशी, की मूठभर लोक विकास अडवून धरतात. सबबीत तथ्य नाही असे नाही. पण बहुमताने निर्णय घ्यायचा असेल तर बहुमत मोजण्याची रीतही लोकशाहीची असली पाहिजे. ती येथे आहे काय?

महापालिकेच्या निवडणुकीत मतदाराच्या बाजूने कायदा किती उभा आहे ते पाहावे. यादी आधी प्रसिद्ध होते, हरकती मागवल्या जातात, मत गुप्त असते, प्रचार ठराविक वेळी थांबतो, पैसे वाटणे हा गुन्हा ठरतो. संमतिपत्राच्या वेळी यांतले काही नाही. बिल्डरचा माणूस रात्री नऊनंतर, सगळे घरी असताना, खोलीखोलीतून फिरतो. ज्याच्या घरी लग्न आहे त्याला आगाऊ रक्कम दिसते. जो आढेवेढे घेतो त्याला, शेजाऱ्यांनी सह्या केल्या, तू एकटाच उरलास, असे सांगितले जाते. शेजाऱ्यालाही तेच सांगितलेले असते. करारनामा इंग्रजीत असतो आणि तो सहीपूर्वी हाती राहत नाही. नकाशा दाखवला जातो, पण मंजूर झालेला नकाशा तोच असेल याची खात्री कोणी देत नाही.

याहूनही एक गंभीर गोष्ट आहे. १८७२ साली मुंबईत म्युनिसिपल निवडणूक प्रथम सुरू झाली तेव्हा मत होते ते कर भरणाऱ्यांना. त्यापुढे पाऊण शतक लोक झगडले, तेव्हा १९४८ मध्ये प्रौढ मतदान आले आणि खोलीतली प्रत्येक सज्ञान व्यक्ती मतदार झाली. २०११ पासून महाराष्ट्रातील स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. मात्र संमतिपत्राच्या बाबतीत मुंबई अजून १८७२ मध्येच आहे. ज्याच्या नावे भाडेपावती त्याची सही. चाळीस वर्षे ती खोली चालवणाऱ्या बाईची सही नाही, नवऱ्याघरून परत आलेल्या बहिणीची नाही, पोटभाडेकरूची तर नाहीच नाही. वॉर्डाचे प्रतिनिधित्व एखादी स्त्री करू शकते. आणि तीच स्त्री स्वतःच्या खोलीच्या निर्णयात मात्र बिनमताची असते.

सही झाल्यावर काय होते? रहिवासी बोऱ्याबिस्तरा गुंडाळून भाड्याच्या घरात किंवा उपनगरातल्या संक्रमण शिबिरात जातो. तीन वर्षांत परत यायचे ठरलेले असते. काहीजण खरोखर परत येतात आणि सुखाने राहतात. ते नाकारण्याचे कारण नाही. पण कित्येक ठिकाणी काम पायाच्या खड्ड्यात थांबते, बिल्डरकडून येणारे भाडे आधी उशिरा येते आणि मग येईनासे होते. मुलांच्या शाळा बदलतात. म्हातारे शिबिरातच मरतात. मतदारयादीतले नाव जुन्या वॉर्डात राहते अथवा कोठेच राहत नाही. ज्या माणसाला नगरसेवकाची सर्वांत अधिक गरज असते, तो नेमका त्याच वेळी कोणाचाच मतदार उरत नाही.

आता शाईच्या मताकडे वळू. ७ मार्च २०२२ रोजी मुंबई महापालिकेची मुदत संपली. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झालीच पाहिजे असे राज्यघटनेचे कलम २४३-यू सांगते. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही ते बजावले होते. तरी ओबीसी आरक्षणाचा वाद आणि वॉर्ड २२७ की २३६ हा घोळ यांत जवळजवळ चार वर्षे गेली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला तेव्हा चाके हलली. मधल्या काळात अर्थसंकल्प मांडणारे प्रशासन आणि तो मंजूर करणारेही प्रशासनच. २०२५-२६ चा ७४ हजार कोटींवरचा अर्थसंकल्प एकाही निवडून आलेल्या माणसाच्या मताविना मंजूर झाला.

गिरगावच्या रहिवाशाला या काळात काय उणे वाटले? सभागृहातली भाषणे त्याने पूर्वीही ऐकली नव्हती. त्याला उणा वाटला तो सकाळी दारात उभे राहून ज्याला चार शब्द सुनावता येतात असा माणूस. गटार तुंबले तर वॉर्ड कार्यालयात तक्रार नोंदवता येते, तिचा क्रमांकही मिळतो. पण क्रमांकावर रागावता येत नाही. तथापि हेही मान्य केले पाहिजे, की नगरसेवक असतानाही रहिवाशाचा मोठा प्रश्न त्याच्या हाती नव्हता. जुनी इमारत म्हाडाकडे, मेट्रो वेगळ्या महामंडळाकडे, नियमावलीची अंतिम मंजुरी राज्य सरकारकडे, आणि महापालिकेची कार्यकारी सत्ता १८८८ च्या कायद्यापासून सरकारने नेमलेल्या आयुक्ताकडे. १९९८ मध्ये महापौर परिषदेचा प्रयोग झाला. तो लवकरच गुंडाळला गेला. म्हणून नगरसेवक लादी, बाकडे आणि फलक यांत रमतो. वॉर्डातल्या संमतिपत्रांविषयी तो बोलत नाही. कधी त्याला अधिकार नाही म्हणून. कधी त्याचे फलक कोणाच्या खर्चाने लागतात हे गल्लीला ठाऊक असते म्हणून.

ही पोकळी अस्मितेच्या राजकारणाने भरून काढली. मराठी माणूस गिरगावातून हद्दपार झाला, ही आरोळी प्रत्येक निवडणुकीत उठते. तीत वेदना खरी आहे. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ३३ लाख ३८ हजार होती, ती २०११ मध्ये ३० लाख ८५ हजारांवर आली. माणसे डोंबिवलीला, बोरिवलीला, विरारला गेली. पण ती शेजारच्या गुजराती दुकानदाराने हाकलली म्हणून गेली नाहीत. कुटुंब वाढले आणि खोली वाढली नाही. नवी इमारत झाली तेव्हा देखभालखर्च पेलला नाही. भुलेश्वरच्या चाळीतला मारवाडी गुमास्ता आणि खोताच्या वाडीतले ख्रिस्ती कुटुंबही त्याच दाराने बाहेर पडले. मालमत्तेचा प्रश्न भाषेच्या प्रश्नात बुडवला की बिल्डर सुखावतो. या बाबतीत समाजवाद्यांनीही स्वतःला निर्दोष समजू नये. १९६८ च्या महापालिका निवडणुकीत प्रजासमाजवादी पक्षाने शिवसेनेशी हातमिळवणी केली होती. तात्कालिक गणितासाठी विचार बाजूला ठेवला की गणितही राहत नाही आणि विचारही राहत नाही, हे त्यानंतरच्या इतिहासाने पुरेसे दाखवले आहे.

मग करायचे काय? डॉ. लोहियांनी चौखंबा राज्याची कल्पना मांडली: गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र. महानगरात पहिला खांबच रोवलेला नाही. २०११ च्या जनगणनेने पाहिले तर मुंबईत एका नगरसेवकामागे सरासरी ५५ हजार माणसे येतात. म्हणजे तालुक्याच्या गावाएवढा वॉर्ड आणि त्याला ग्रामसभा नाही. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या आल्या, पण अनेक वॉर्डांची मिळून एक. २००९ मध्ये महाराष्ट्राने क्षेत्रसभेची तरतूद केली. ती कागदावरून गल्लीत उतरली नाही. ती उतरवण्यासाठी सरकारची वाट पाहण्याचे कारण नाही. मृणालताई गोरे १९६१ मध्ये महापालिकेत गेल्या त्या गोरेगावच्या पाण्यासाठी, आणि निवडून येण्याआधीही त्या त्याच नळांपाशी होत्या. पुढे नागरी निवारा परिषदेने सहकाराच्या मार्गाने हजारो घरे उभी करून दाखवली. बिल्डरविना घर होत नाही हे विधान त्या घरांनी केव्हाच खोडून काढले आहे.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. संमतीचे मतदान म्हाडाच्या अधिकाऱ्यासमोर, चाळीच्या सभेनंतर आणि गुप्त पद्धतीने व्हावे. करारनामा महिनाभर आधी मराठीत मिळावा. खोलीत राहणाऱ्या पती-पत्नींची संयुक्त संमती बंधनकारक असावी. संक्रमणकाळाचे भाडे आधीच बँकेत जमा व्हावे. शिबिरातल्या रहिवाशाचे नाव मूळ वॉर्डाच्या यादीत राहावे. म्हाडा कायद्यातील ७९-अ या कलमाने, मालकाने मुदतीत प्रस्ताव न दिल्यास भाडेकरूंच्या नियोजित सहकारी संस्थेला संधी दिली आहे. या कलमाखालील नोटिसांच्या पद्धतीवर २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने ताशेरे ओढले, हे ध्यानात ठेवूनच ते वापरावे लागेल. पण भाडेकरूंची संस्था आधी उभी नसेल तर कोणतेही कलम उपयोगी पडत नाही.

आणि मागण्यांच्या आधीचे काम तर आजच करता येण्याजोगे आहे. २०१२ मध्ये मुंबईत सुमारे ४५ टक्के मतदान झाले, २०१७ मध्ये सुमारे ५५ आणि २०२६ मध्ये सुमारे ५३. उरलेल्यांना उदासीन म्हणणे सोपे आहे. त्यांनी कदाचित एवढेच ओळखले असेल, की त्यांच्या आयुष्याचा निर्णय त्या केंद्रावर होत नाही. त्यांना केंद्रावर आणायचे असेल तर आधी कार्यकर्त्याने त्यांच्या गॅलरीत जाऊन बसले पाहिजे. करारनाम्याचे पान न् पान मोठ्याने वाचावे, ज्यांच्या नावे पावती नाही त्यांनाही सतरंजीवर पुढे बसवावे, आणि पहिला प्रश्न त्यांनाच विचारू द्यावा. बिल्डरचा माणूस रात्री नऊला येत असेल, तर समाजवादी कार्यकर्त्याने आठला पोचले पाहिजे.